हेरिंग, लवंगेचं चीज आणि आईची आगोट

भाऊ नेदरलंडमध्ये, ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टेलव्हेनला राहायला गेला त्याला सहा वर्षं झाली. यंदा जूनमध्ये आईला घेऊन त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा फोनवर मी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याचा. "डच म्हणून काही शोधत बसू नको," तो म्हणाला. "ऑफिसातली माणसं दुपारी दोन पाव नि चीजचे काप खातात, वर गार ताक पितात, झालं जेवण." पुष्कळ लोक हेच सांगतात. मला ते पटत नव्हतं. समुद्राच्या पातळीखालची जमीन उपसून काढणारी माणसं चार-चार महिने ओल्या थंडीत काय खात असतील, हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून ॲमस्टरडॅमच्या योर्दान भागातली एक खाद्यफेरी आधीच ठरवून टाकली. चार तासांची पायी फेरी, आठ माणसांचा गट, माणशी शंभर युरोंच्या थोडे वर. आई सोमवारी आणि गुरुवारी मासे खात नाही, म्हणून शनिवार धरला. नोर्डरमार्क्ट या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो तोही शनिवारीच.

वेंगुर्ल्याच्या माणसाला डचांची ओळख इतिहासाच्या पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. गावातच त्यांची वखार आहे, सतराव्या शतकातली. आता पडझड झालीय, भिंतींतून झाडं उगवलीत, पण आम्ही लहानपणी तिच्या आसपास खेळलोय. ही वखार बांधणाऱ्यांच्या गावी आपण त्यांच्या हातचं खायला चाललोय, हे आईनेच विमानात दोनदा बोलून दाखवलं.

आमची वाटाडी साठी ओलांडलेली, योर्दानमध्येच जन्मलेली बाई होती. हा भाग आज महागडा आहे, पण सतराव्या शतकात तो वसला कामगार आणि कारागिरांसाठी. एकेका खोलीत सगळं कुटुंब राहायचं, आणि तिची आजीही तशाच खोलीत वाढलेली. आईचे गुडघे दुखतात हे तिला मी आधी कळवलं होतं, तर प्रत्येक ठिकाणी ती सगळ्यात आधी आईसाठी खुर्ची मागून घ्यायची.

सुरुवात चौकातच सफरचंदाच्या पायने झाली. हाताएवढ्या जाडीचा तुकडा, आत फोडी अख्ख्या राहिलेल्या, दालचिनीचा वास, बाजूला फेटलेल्या सायीचा ढीग. चांगला होता, पण मला घाई होती ती पुढच्या गोष्टीची.

सिंगेल कालव्यावरच्या पुलावर हेरिंगची गाडी. जूनच्या मध्यावर नव्या मोसमाची हेरिंग येते, तिला 'हॉलंड्से न्यूवे' म्हणतात, आणि आम्ही नेमके त्याच आठवड्यात पोचलो होतो. गाडीवाला आमच्यासमोर एकेक मासा सोलत होता. सुरी एकदा फिरली की कातडी सुटायची, दुसऱ्यांदा फिरली की काटा बाहेर, शेपटी तेवढी तशीच. इतर गावांत हा मासा शेपटीला धरून, मान मागे टाकून अख्खा तोंडात सोडतात. ॲमस्टरडॅममध्ये त्याचे तुकडे करतात, वर बारीक चिरलेला कांदा आणि आंबट काकडी, आणि एका तुकड्यात कागदी झेंडा टोचलेला.

आईने ताटलीकडे वाकून पाहिलं. "गो, ह्यो तर मोठो तारलोच!"

मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा वाटाडीने टाळीच वाजवली. हेरिंग आणि आपली तारली एकाच कुळातले मासे आहेत. पाठीचा निळसर रंग, पोटाची चांदी, अंगात तेल, सगळं जुळतं. 'हॉलंड्से न्यूवे' म्हणून विकायची तर माशात किमान 16 टक्के चरबी असावी लागते. वसंतात समुद्रात सूक्ष्म जीवांचं खाद्य वाढतं, ते खाऊन हेरिंग लठ्ठ होते आणि अंडी धरायच्या आधी पकडली जाते, त्यामुळे ही चरबी भरते.

आईचा खरा प्रश्न मात्र वेगळा होता. "कच्चो काय?"

पुढची दहा मिनिटं ही चार तासांतली सगळ्यात मोलाची होती. हेरिंग शिजवलेली नसते, पण नुसती कच्चीही नसते. पकडल्यावर गळ्याशी एक छोटा काप देऊन कल्ले आणि आतड्याचा भाग ओढून काढतात, रक्त वाहून जाऊ देतात, पण स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. मिठात असताना त्यातली पाचक द्रव्यं मांसाला मऊ करतात, चव आणतात. चौदाव्या शतकात बीरफ्लिट गावच्या विलेम ब्यूकेल्सझोनने ही रीत काढली, असं परंपरा सांगते. रीत कोणाचीही असो, तिच्यामुळे मासा पिंपात महिनोन्महिने टिकू लागला, होड्या दूर समुद्रात आठवडे काढू लागल्या आणि भरलेली पिंपं युरोपभर विकली जाऊ लागली. ॲमस्टरडॅम हेरिंगच्या काट्यांवर उभं आहे, अशी डच म्हणच आहे. आता मीठ अगदी हलकं असतं, पण माशात कृमी असू शकतात म्हणून तो उणे 20 अंशांवर किमान 24 तास गोठवल्याशिवाय विकता येत नाही, तसा कायदाच आहे.

हे ऐकल्यावर आईने पहिला तुकडा तोंडात घातला. लोण्यासारखा विरघळतो, मागे मिठाची चव, मग कांद्याचा झटका. ती काही बोलली नाही. ताटली संपल्यावर म्हणाली, "आगोटीक खारवतत तसोच, पण मीठ बेताचा." मला सगळ्या फेरीचा धागा तिथे सापडला. पाऊस लागायच्या आत सुकी मासळी, सोडे, आमसुलं, पापड भरून ठेवायचे ती आपली आगोट. डच जेवण ज्याला बेचव वाटतं, त्याने ते आगोट म्हणून खाऊन पाहावं. खारवलेला मासा, मुरवलेलं चीज, आंबवलेला कोबी, सुकवलेले वाटाणे हे सगळं पुढच्या वाईट महिन्यांसाठी राखून ठेवलेलं अन्न आहे. हिवाळ्यात इथे वाटाण्याचं सूप करतात ते इतकं दाट की चमचा त्यात उभा राहायला हवा. जूनमध्ये ते मिळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

चीजच्या दुकानात लाकडी फळ्यांवर पिवळी चाकं छतापर्यंत रचलेली होती. गौडाला तिथे 'खाउदा' म्हणतात, सुरुवातीचा 'ख' घशातून खरवडून. चार आठवड्यांच्या कोवळ्यापासून दोन वर्षांच्या जुन्यापर्यंत एकेक काप क्रमाने चाखला. कोवळं चीज दुधासारखं सौम्य. जुनं कडक, गडद, जवळजवळ खव्याच्या जळक्या कडेसारखं खमंग, आणि दाताखाली बारीक खडे कचकन फुटतात. मला ते मीठ वाटलं, पण ते असतात टायरोसिनचे स्फटिक. चीज मुरताना प्रथिनं सुटी होतात तेव्हा ते तयार होतात. शाकाहारी वाचकांसाठी सांगते, पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातला रेनेट वापरतात. विचारलंत तर दुकानदार त्याशिवायचं चीज काढून देतात.

मग दुकानदाराने दोन वेगळी चाकं पुढे केली. एकात जिरं, लायडन गावच्या पद्धतीचं. दुसऱ्यात अख्ख्या लवंगा, ते उत्तरेकडच्या फ्रिसलंडचं. आईने लवंगेचा तुकडा चावला आणि विचारलं, "ह्यांच्याकडे लवंग खंयसून इली?"

वाटाडीने हा प्रश्न टाळला नाही. 1602 साली डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. जायफळाचा मक्ता मिळवण्यासाठी 1621 साली कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून याच्या हुकमाने आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक माणसं मारली, हाकलली किंवा गुलाम केली गेली. लवंग आंबोन आणि तिच्या शेजारच्या बेटांपुरतीच राहावी म्हणून इतर बेटांवरची झाडं तोडून जाळली. "आमच्या घरी फ्लॉवरवर जायफळ किसल्याशिवाय जेवण वाढत नाहीत," ती म्हणाली, "आणि ते कुठून आलं हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं." मग आईने तिला वेंगुर्ल्याच्या वखारीबद्दल सांगितलं, मी मध्ये दुभाषी. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायची, त्यांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवायची, त्यासाठी आदिलशाही मुलखात हे ठाणं केलेलं. म्हणजे तीही एका परीने कोठारच. चीजवाला काप हातात धरून ऐकत राहिला होता.

एक गोष्ट मला तिथेच उमगली. डच स्वयंपाक मुळात मिळमिळीत नव्हता. 1667 साली छापलेल्या एका डच पाकपुस्तकात आलं, दालचिनी, जायफळ सढळ हाताने पडतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी मुलींसाठी गृहविज्ञानाच्या शाळा निघाल्या, त्यांनी कमी खर्चात पोट भरणारं साधं जेवण शिकवलं आणि बटाटा, भाजी, मांस ही त्रयी घरोघरी पक्की झाली. त्या शाळांना मी नावं ठेवणार नाही. गरिबाघरच्या मुलांची पोटं भरणं हे मोठं काम आहे.

बटाट्याचं मोल काय होतं ते प्रिन्सेनग्राख्त कालव्याकाठी कळलं. पहिल्या महायुद्धात नेदरलंड तटस्थ होतं, तरी अन्नाची टंचाई होतीच. 1917 च्या उन्हाळ्यात योर्दानच्या बायकांना दुकानांत बटाटे मिळेनात आणि कालव्यात बटाट्यांनी भरलेली होडी उभी दिसली. त्यांनी ती लुटली. दंगल पसरली, सैन्य आलं, गोळ्या चालल्या, माणसं मेली. ज्या कठड्याला टेकून हे ऐकत होतो तिथे आज जर्द गुलाबी फुलांच्या कुंड्या आहेत. आई कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. 1972 च्या दुष्काळातली सुकडी तिला आठवली, हे तिने रात्री सांगितलं.

पुढे एका जुन्या, लाकूड काळवंडलेल्या कॅफेत बिटरबालन आले, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले गोळे, मोहरीच्या चटणीबरोबर. आत दाट रस्सा असतो, तो जीभ भाजतो, म्हणून आधी मोडून वाफ जाऊ द्या. ते सहसा गोमांसाचे असतात. आम्ही आधी कळवलं होतं, त्यामुळे आमच्या ताटात चीजचे होते.

सुरिनामी दुकानात गेलो तेव्हा गटातल्या एकाने विचारलं, हे डच कसं? वाटाडी म्हणाली, "माझी नातवंडं वाढदिवसाला हेच मागतात, मग दुसरं काय असणार?" मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम 1975 पर्यंत डचांकडे होतं. तिथल्या मळ्यांवर आधी आफ्रिकेतून गुलाम आणले, आणि गुलामी संपल्यावर 1873 पासून बिहार-उत्तर प्रदेशातून करारावर मजूर. आमच्यापुढे 'पोम' आलं, कोंबडी घालून भाजलेला कंदाचा कीस, पावात भरलेला. तो कंद अळकुडीच्या कुळातला, आईने बोटाने चाचपून सांगितलं तसाच. मग डाळीचं पूड-सारण भरलेली रोटी, बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी. गल्ल्यावरची बाई भोजपुरी वळणाची हिंदी बोलायची. तिने आईला "आजी, अउर लेव" म्हटलं आणि आईने आणखी एक रोटी घेतली. तिच्या पणजीची पणजी कोणत्या बंदरातून चढली असेल, याचा मी तेव्हापासून विचार करतेय.

शेवटी ड्रॉप नावाच्या काळ्या गोळ्या. त्यांचा पाया ज्येष्ठमध, आणि खारट प्रकारात अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. आईने गोळी चघळली आणि डोळे मिटले. दारात कल्हईवाला यायचा, तापल्या भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, तोच वास तिला आला होता. गटातल्या बाकीच्यांनी गोळ्या थुंकल्या. तिने पुडी घेतली.

फेरी संपल्यावर पैसे वसूल झाले का, असं भावाने विचारलं. हेरिंग आम्ही स्वतःहूनही खाल्ली असती, पण स्वादुपिंड, बटाट्याची होडी आणि बांदा यांच्याविना खाल्ली असती. अशी फेरी सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी करा. नंतर आम्ही आल्बर्ट कॉइप बाजारात स्वतःच हिंडलो आणि कुठे काय मागायचं हे माहीत होतं. तिथे पॉफर्चेस, म्हणजे छोटे फुगीर पॅनकेक, करणाऱ्याचं बिडाचं भांडं पाहून आई थबकली. खाच्याखाच्यांचं अगदी आप्पेपात्र, आणि तो काट्याने त्याच झटक्यात ते उलटत होता.

जुलैत वेंगुर्ल्याला परतलो तेव्हा पाऊस धो धो लागला होता. लवंगेचं चीज आईने फडक्यात गुंडाळून सोड्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. एका संध्याकाळी वीज गेली, बाजारात जाणं शक्य नव्हतं, तेव्हा तिने ते काढलं, सुरीने पातळ काप केले आणि तांदळाच्या गरम भाकरीवर ठेवले. चीज कडेने वितळायला लागलं, लवंगेचा वास सगळ्या माजघरात पसरला. "पुढच्या वर्षी दोन आण," ती म्हणाली.