तुम्ही विचारलंत म्हणून: चतुर्दशीचं पान

मोडी शिकायला लागल्यापासून प्रत्येक लग्नकार्यात कुणी ना कुणी मला विचारतंच, "पानिपतावर पडलेला तुमचा तो पूर्वज सापडला का गं?" मांडवात उभ्या उभ्या सांगण्यासारखी ही हकिकत नाही, म्हणून इथे लिहिते.

सापडला. पण तो पानिपतावर पडलाच नव्हता.

घरात चालत आलेली गोष्ट अशी: दोघे भाऊ. थोरला गावी राहिला. धाकटा बुंदेलखंडात पेशव्यांचे तिथले अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांच्या हाताखाली कारकुनीला गेला, तिथून पानिपतावर गेला आणि खर्ची पडला. मूलबाळ नव्हतं. भाद्रपद वद्य चतुर्दशीला, शस्त्रानं मेलेल्यांच्या तिथीला, त्याच्या नावाचं पान आजी न चुकता वाढायची. आम्ही थोरल्याचे वंशज.

छत्रसालानं बाजीरावाला आपल्या मुलखाचा वाटा दिला आणि आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर गावाकडे मराठी अंमल बसला. देशावरून, कोकणातून माणसं तिकडे गेली ती वसुलीला, हिशेबाला, ठाण्यांवर. गोविंदपंत अब्दालीची रसद तोडताना डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. आमचा माणूस त्यांच्याच लोकांतला, म्हणजे तोही गेला असणार, हे ऐकणाऱ्याला सहज पटायचं. मलाही पटलं होतं. म्हणून मी पुण्याला पेशवे दफ्तरात त्याच्या मरणाचा कागद शोधत होते. नुसत्या तारखा लावायला शिकण्यात एक पावसाळा गेला. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. शुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरातली कालगणना, ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण ते वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणजे १७६०-६१, पानिपतचंच साल. हे शब्द रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, दिसले की छातीत धडधडायचं. त्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. पानिपतची बातमी पुण्याकडे आली त्या सांकेतिक पत्रात मोती आणि मोहरा, म्हणजे मोठी माणसं, मोजल्या होत्या, खुर्द्याची, म्हणजे सामान्यांची, गणती नव्हती. आमचा माणूस खुर्द्यातला, अशी मी मनाची समजूत घातली.

मग त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांकडे गेले. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी आलेल्या यजमानांच्या नोंदींच्या वह्या काढल्या. नाव मिळालं, पण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच नावाचे तिघे निघाले. बापाचं नाव बघून भागेना. आईचं नाव आणि थोरल्या भावाचं नाव जुळलं तो एकच. शके १६९०, म्हणजे १७६८. बापाच्या श्राद्धाला आलेला. सोबत दोन मुलगे, नावानिशी. आणि पुढे, 'हल्ली वस्ती सागर'.

पानिपतानंतर सात वर्षांनी! लेख त्याच्याच हातचा होता. अक्षर बारीक, ओळ सरळ, कारकुनाची. मी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ मला काही बोलता आलं नाही.

मग मूल नसलेला, पानिपतावर पडलेला हा माणूस आला कुठून? त्याचं उत्तर घरातच, ट्रंकेत होतं. १८५२ च्या कायद्यानं इंग्रजांच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरच्या इनामांची चौकशी झाली. आमच्याकडूनही कैफियत, म्हणजे हक्काची लेखी हकिकत, आणि वंशावळ दिली गेली. त्या नकलेत धाकट्या शाखेपुढे लिहिलं आहे: पानिपतावर पडला, निपुत्रिक. जमिनीला दुसरा हिस्सेदार उरला नाही. घरात सांगतात ती गोष्ट शब्दाशब्दानं या कागदावरची आहे.

कैफियत देणाऱ्यांनी जाणूनबुजून खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. मधे जवळजवळ शंभर वर्षं गेली होती, सागर १८१८ मध्येच इंग्रजांकडे गेलं होतं, येणं-जाणं तुटलं असेल. त्यांनाही ते खरंच वाटत असेल. पण कागद हाती आला की तो कुणी, कुणापुढे आणि कशासाठी लिहिला हे मी आता आधी बघते. वहीत नाव घालताना त्याला कुणाकडून काही मिळवायचं नव्हतं. कैफियत देणाऱ्यांना जमीन राखायची होती. मी वहीवर विश्वास ठेवते, आणि ती जमीन विकून माझ्या वडिलांचं शिक्षण झालं हेही विसरत नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरातला वीर गेला, त्याचं दुःख मला समजतं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "त्या मुलग्यांची नावं काय म्हणालीस?" थंडीत आम्ही दोघं सागरला जाणार आहोत, ती दोन नावं घेऊन.

यंदा चतुर्दशीला आम्ही त्याचं पान वाढलं नाही. तो कधी गेला ते ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्रीला वाढलं.