लायसन्सवरची तारीख नेमकी कशाची?

रिन्यूअलची सूचना आली की बहुतेक जण त्यातली रक्कम आणि शेवटची तारीख एवढंच पाहतात. त्या तारखेनंतर नेमकं काय बंद पडणार, हे सूचनेत क्वचितच धड लिहिलेलं असतं, आणि पैसे भरायचे की नाही हे ठरतं ते त्यावरच. एकाच सॉफ्टवेअरला तीन वेगळ्या मुदती असू शकतात. एक ते वापरण्याची, दुसरी नव्या आवृत्त्या मिळण्याची आणि तिसरी तुमच्याकडच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची. एक संपली म्हणून बाकीच्या दोन संपतातच असं नाही.

कायमस्वरूपी लायसन्सला वापराची मुदत नसते. त्याच्याबरोबर विकलं जातं ते मेंटेनन्स, म्हणजेच अपग्रेड प्लॅन, बहुधा एका वर्षाचं. त्या वर्षात निघालेल्या आवृत्त्या तुमच्या. वर्ष संपल्यावर पैसे भरले नाहीत तरी मुदतीच्या आत निघालेली शेवटची आवृत्ती चालूच राहते. सबस्क्रिप्शनमध्ये मात्र वापरण्याचा हक्कच मुदतीचा असतो. मोठ्या कंपन्या गेल्या काही वर्षांत पहिल्या पद्धतीकडून दुसरीकडे सरकल्या. अडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं की सीएस६ (फोटोशॉप वगैरे प्रोग्रॅमचा संच) नंतर नव्या आवृत्त्या फक्त क्रिएटिव्ह क्लाउडमधून, म्हणजे सबस्क्रिप्शनवरच मिळतील. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं, आणि ब्रॉडकॉमने ताब्यात घेतल्यावर व्हीएमवेअरने डिसेंबर २०२३ मध्ये तेच केलं. त्यामुळे आज हातात असलेलं जुनं कायमस्वरूपी लायसन्स जपून ठेवावं. तसं पुन्हा विकत मिळेलच असं नाही.

मेंटेनन्स संपल्यावर सर्वांत जास्त घोटाळा होतो तो अपडेटमुळे. लायसन्सच्या फाइलमध्ये किंवा ‘की’मध्ये, म्हणजे लायसन्सच्या सांकेतिक क्रमांकात, मेंटेनन्स कधी संपतं ती तारीख असते, आणि प्रोग्रॅममध्ये तो कधी तयार झाला ती तारीख असते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम सुरू होताना या दोन तारखा ताडून पाहिल्या जातात. आज कोणती तारीख आहे याच्याशी त्या तपासणीला काही देणंघेणं नसतं. प्रोग्रॅम मेंटेनन्सच्या मुदतीआधी तयार झालेला असेल तर तो दहा वर्षांनीही उघडतो. मुदतीनंतर तयार झालेला असेल तर उघडतच नाही. मग होतं असं की मेंटेनन्स संपतं, पुढे महिनाभर काम सुरळीत चालतं, एके रात्री अपडेट आपोआप बसतं आणि सकाळी ‘लायसन्स अवैध’ असा संदेश येतो. लायसन्स अवैध झालेलं नसतं, फक्त हक्काबाहेरची आवृत्ती बसलेली असते. ती काढून आधीची बसवली की काम पुन्हा सुरू होतं.

पण आधीची आवृत्ती हाताशी हवी. अनेक कंपन्या मेंटेनन्स संपलेल्या खात्याला डाउनलोडच्या पानावर जुन्या आवृत्त्या दाखवत नाहीत. म्हणून मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीच तुमच्या हक्कातली शेवटची आवृत्ती पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलरसह उतरवून घ्या. दोन-चार एमबीचा छोटा इन्स्टॉलर कामाचा नाही, कारण तो दर वेळी इंटरनेटवरून सर्वांत ताजी आवृत्तीच आणतो. इन्स्टॉलरबरोबर लायसन्सची फाइल, की, बिल, कोणत्या ईमेलवर नोंदणी केली आहे ते आणि आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत, एकाच ठिकाणी ठेवा. आणि आपोआप होणारं अपडेट बंद करा. हे शेवटचं राहून गेलं तर बाकीच्या तयारीचा फारसा उपयोग होत नाही.

अॅक्टिव्हेशनचंही, म्हणजे लायसन्स एखाद्या मशीनवर नोंदवून चालू करण्याचंही, तसंच आहे. बरीच लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेली असतात, आणि किती मशीनवर चालतील त्याची मर्यादा असते. डिस्क फॉरमॅट करण्याआधी किंवा मदरबोर्ड बदलण्याआधी प्रोग्रॅममधूनच डिअॅक्टिव्हेट, म्हणजे ती नोंद रद्द करायला हवी. नाहीतर कंपनीच्या सर्व्हरच्या हिशेबी जुन्या मशीनची जागा भरलेलीच राहते आणि नव्या मशीनवर ‘मर्यादा संपली’ असं उत्तर येतं. मेंटेनन्स चालू असताना सपोर्टला लिहून ती जागा मोकळी करून घेणं सोपं जातं. संपल्यावर हीच मदत नाकारली जाऊ शकते, म्हणून मशीन बदलायचं असेल तर मुदतीच्या आत बदला.

काही कंपन्यांनी कायमस्वरूपी लायसन्स आणि सबस्क्रिप्शन या दोन्हींच्या मधला मार्ग काढला आहे आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहिण्याच्या एडिटरच्या वैयक्तिक लायसन्समध्ये ३ वर्षांची अपडेट मिळतात, आणि त्यानंतरही तोवरच्या आवृत्त्या चालत राहतात. जेटब्रेन्स या कंपनीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनांमध्ये सलग १२ महिन्यांचे पैसे भरले की एक आवृत्ती कायमची तुमची होते. इथे बारकाईने वाचायला हवं, कारण ती आवृत्ती त्या १२ महिन्यांच्या सुरुवातीला उपलब्ध असलेली असते, शेवटी असलेली नव्हे. वर्षभरात तुम्ही नव्या आवृत्तीवर गेला असाल आणि मग सबस्क्रिप्शन थांबवलंत, तर वर्षभर मागच्या आवृत्तीवर परतावं लागतं. नवी सुविधा वापरून केलेली सेटिंग्ज तिथे चालतीलच असं नाही.

आता खंड पडल्याबद्दल. मुदत संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे भरू, तेवढीच बचत, असा विचार बहुतेक ठिकाणी फसतो. मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर अॅश्युरन्सची, म्हणजे संस्थांसाठीच्या त्यांच्या मेंटेनन्सची, मुदत उलटली की ते नुसतं रिन्यू करता येत नाही, लायसन्स आणि अॅश्युरन्स दोन्ही पुन्हा घ्यावं लागतं. ओरॅकलच्या सपोर्टचा वार्षिक दर लायसन्सच्या निव्वळ रकमेच्या २२ टक्के असतो. मध्ये खंड पडला आणि पुन्हा सुरू करायचं ठरलं, तर त्या काळासाठी शेवटच्या वार्षिक रकमेच्या १५० टक्के दराने भरणा मागितला जातो. म्हणजे थांबून पैसे वाचत नाहीत, उलट दीडपट जातात. थांबायचं तर कायमचं थांबावं, नाहीतर वेळेत भरावं.

निर्णयासाठी साधा हिशेब पुरतो. मेंटेनन्स मूळ किमतीच्या २० टक्के असेल तर ५ वर्षांच्या मेंटेनन्समध्ये एक नवं लायसन्स येतं. ३ वर्षांनी तुम्हाला नवी आवृत्ती लागणारच असेल तर ६० टक्क्यांत काम झालं, मेंटेनन्स परवडलं. जुन्या आवृत्तीवर ७-८ वर्षं सहज निघत असतील तर सोडून देऊन पुढे नवं घेणं स्वस्त पडतं, अर्थात तेव्हा कायमस्वरूपी लायसन्स विकत मिळत असेल तर. मात्र या हिशेबात सुरक्षेची मुदत धरायलाच हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिस २०२१ कायमस्वरूपी विकलं गेलं, तरी त्याच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरलेल्या आहेत. प्रोग्रॅम त्यानंतरही उघडेल, पण बाहेरून आलेल्या फाइल रोज उघडणाऱ्या मशीनवर तो तसाच ठेवणं धोक्याचं आहे. ‘लाइफटाइम’ म्हणून विकलेल्या लायसन्समध्येही हे आयुष्य कुणाचं ते वाचा. बऱ्याचदा ते फक्त त्या एका मुख्य आवृत्तीचं असतं.

सबस्क्रिप्शन संपल्यावर काय उरतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये फाइल उघडता आणि छापता येतात, बदलता येत नाहीत. लाइटरूम क्लासिकमध्ये डेव्हलप विभाग बंद होतो, पण फोटो पाहणं आणि एक्स्पोर्ट करणं चालू राहतं. म्हणून शेवटच्या महिन्यात फाइल अशा स्वरूपात काढून ठेवा, ज्या दुसऱ्या किंवा जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडतील. इनडिझाइनमधून आयडीएमएल काढता येतं, म्हणजे जुन्या इनडिझाइनमध्येही उघडणारी फाइल. ऑटोकॅडमध्ये २०१८ पासूनच्या आवृत्त्या डीडब्ल्यूजीचं (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगच्या फाइलचं) एक स्वरूप वापरतात आणि २०१३ ते २०१७ च्या आवृत्त्या त्याआधीचं. जुन्या आवृत्तीवर परतायचं असेल तर सेव्ह करताना २०१३ चं स्वरूप निवडा. हे काम मुदत संपल्यावर करता येत नाही, कारण सेव्ह करण्याची सोयच गेलेली असते.

आपोआप होणाऱ्या रिन्यूअलमध्ये योजनेचं नाव नीट वाचा. ‘वार्षिक, पण मासिक हप्त्याने’ ही मासिक योजना नाही. अडोबीच्या अशा योजनेत पहिल्या १४ दिवसांनंतर रद्द केलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मी रक्कम आकारली जाते. अॅपलच्या स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं, आणि अॅप फोनमधून काढून टाकल्याने ते रद्द होत नाही. पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते, हे अँटीव्हायरसच्या बाबतीत तर ठरलेलंच. नवी की टाकताना उरलेले दिवस पुढे जोडले जातात की आजपासून मोजणी सुरू होते, तेही आधी तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या घरगुती योजनेत मुदत जोडली जाते, जास्तीत जास्त ५ वर्षांपर्यंत. सगळीकडे तसं नसतं, म्हणून खात्री नसेल तर जुनी मुदत संपायच्या आदल्या दिवशी की टाका.

संस्थेसाठी लायसन्स घेत असाल तर संख्या कमी करण्याची संधी बहुधा वर्षातून एकदाच, रिन्यूअलच्या वेळी मिळते. सोडून गेलेल्यांची खाती त्याआधी काढा आणि करारात नोटिशीची मुदत ३०, ६० की ९० दिवसांची आहे ते पाहा. लायसन्स सर्व्हर, म्हणजे संस्थेतल्या मशीनना लायसन्स वाटून देणारा सर्व्हर, असेल तर लायसन्सची नवी फाइल मागवताना त्याचा होस्ट आयडी (सर्व्हर ओळखण्याचा क्रमांक, बहुधा नेटवर्क कार्डवरून घेतलेला) पुन्हा तपासून द्या. नेटवर्क कार्ड बदललं असेल तर तो बदललेला असतो आणि जुन्या आयडीची फाइल चालत नाही. फाइल आली की सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावावी लागते, नुसती फोल्डरमध्ये टाकून भागत नाही. नवी फाइल उशिरा आली म्हणून सर्व्हरचं घड्याळ मागे घेऊ नका. अनेक लायसन्स सर्व्हर ते ओळखतात आणि चालू असलेली लायसन्सही देणं थांबवतात.