लसीबद्दलची शंका आणि मोबाइलवरचं उत्तर

"लस सुरक्षित असते ना?" असं आई-वडील विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एक ठरावीक गोष्ट असते. शेजारच्या बाळाला पेंटा (पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्रित लस) दिल्यावर दोन दिवस ताप होता. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑटिझमचा व्हिडिओ टाकला. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा जिवाला एकाच दिवशी तीन-तीन सुया कशाला? यातलं नेमकं काय सलतंय हे कळल्याशिवाय सरकारी पीडीएफ पाठवण्यात अर्थ नाही. ती कुणी उघडत नाही. आधी विचारा, "काय ऐकलंय? कुठे वाचलंत?" लसीचं नाव, बाळाचं वय आणि भीती कशाची, एवढं हाती आलं की मग मोबाइल उघडा.

शोधतानाही तेच शब्द वापरा. "लसीचे दुष्परिणाम" असं मोघम शोधलं की घाबरवणारी पानं आणि व्हिडिओ पुढे येतात. "पेंटाव्हॅलंट लस ताप किती दिवस" असं विचारलं तर कामाचं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. यूट्यूबवर मात्र जपून. भीतीचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की पुढचे तसलेच येत राहतात.

पान सापडलं की ते कुठल्या देशाचं आणि कधीचं, हे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने लसींची माहिती देणारी संकेतस्थळं तपासून 'व्हॅक्सिन सेफ्टी नेट' नावाचं जाळं उभं केलं आहे, तिथून सुरुवात चांगली. पण वेळापत्रक भारताचंच हवं. अमेरिकेच्या तक्त्यात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, नसते, तोंडातून द्यायचा पोलिओचा डोसही नसतो. ते वाचून "तिकडे देत नाहीत, मग आपल्याकडे का?" हा प्रश्न येणारच. उत्तर सरळ आहे: आपल्याकडे क्षयरोग खूप आहे, आणि लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा किंवा सर्व शरीरात पसरणारा क्षय होऊ नये म्हणून बीसीजी देतात.

भारतीय तक्ता जुना आहे का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पोलिओच्या इंजेक्शनचे डोस मोजा. 6 आणि 14 आठवडे, असे दोनच दिसले तर तो तक्ता बाद. जानेवारी 2023 पासून 9 महिन्यांना तिसरा डोस आला आहे. 10 आणि 16 वर्षांना 'टीडी'ऐवजी (धनुर्वात आणि घटसर्प) 'टीटी' (फक्त धनुर्वात) लिहिलं असेल, तरीही तेच.

अजून एक गोंधळ नेहमीचा. सरकारी तक्ता वेगळा आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, वेगळा. सरकारीमध्ये एमआर (गोवर-रुबेलाची लस), खासगीत एमएमआर. शिवाय टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए वगैरे जादा. त्यावरून सरकारी लस कमअस्सल असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. एमएमआरमध्ये गालगुंडाची लस वाढीव असते, गोवर आणि रुबेलाचे घटक दोन्हींत असतात. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून फरक दाखवला की शंका तिथेच मिटते.

ऑटिझमच्या व्हिडिओला मात्र वेळ द्या. एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध आहे, हा मूळ दावा 1998 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला, तोही फक्त 12 मुलांवरून. 2010 मध्ये लॅन्सेटने तो लेख मागे घेतला. त्यांच्या संकेतस्थळावर तो आजही आहे, आणि त्यावर 'मागे घेतलेला' असा ठळक लाल शिक्का आहे. तोच पालकांना दाखवा. इंग्रजी येत नसलं तरी लाल शिक्का दिसतो. मग डेन्मार्कचा 2019 चा अभ्यास सांगा: 6,57,461 मुलं, आणि एमएमआर घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचं प्रमाण वाढलेलं नाही. तरीही "पण लस दिल्यानंतरच लक्षात आलं" असं कुणी म्हणालं, तर ते खोटं बोलत नाहीत. ऑटिझमची लक्षणं घरच्यांना जाणवायला लागतात ते वय आणि एमआरच्या डोसांचं वय जवळपास एकच आहे.

एमआरमुळे पुढे मूल होत नाही, ही अफवाही फिरते. रुबेला गरोदरपणात झाला तर पोटातल्या बाळाच्या हृदयाला, डोळ्यांना, कानांना इजा होऊ शकते. ती टाळण्यासाठीच ही लस. घरच्या ग्रुपवर उत्तर देताना खोटा व्हिडिओ पुन्हा पुढे पाठवू नका, खोडून काढण्यासाठीही नाही. खरी माहिती दोन ओळींत लिहा आणि एकच लिंक द्या.

आकडे दाखवून घाबरवणारे संदेश बरेचदा अमेरिकेच्या 'व्हेअर्स' या नोंदवहीतून उचललेले असतात. तिथे कुणीही तक्रार नोंदवू शकतं. लसीनंतर काय घडलं एवढंच तिथे असतं, ते लसीमुळे घडलं की नाही हे त्यानंतर तपासावं लागतं.

सगळ्यात जास्त शोध होतो तापाचा, आणि खरा धोका इथेच आहे. पेंटानंतर ताप येतो तो बहुतेक पहिल्या 24 तासांत, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. एमआरचा ताप आणि बारीक पुरळ आठवडाभराने, साधारण 7 ते 12 दिवसांनी येतं. बीसीजीच्या जागी दोन ते चार आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, व्रण राहतो. त्यावर हळद, तेल, पट्टी काही लावायचं नाही.

पॅरासिटामॉलची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. चूक होते ती बाटलीत. ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतात, सिरपमध्ये 5 मिलिलीटरमध्ये 125 किंवा 250. "अर्धा चमचा द्या" असं कुठेतरी वाचून 5 किलोच्या बाळाला अडीच मिलिलीटर ड्रॉप्स दिले, तर 250 मिलिग्रॅम गेले. त्याला 50 ते 75 पुरतात. म्हणून मात्रा इंटरनेटवरून घेऊ नका. सिस्टरकडून किंवा डॉक्टरांकडून तीच बाटली दाखवून लिहून घ्या, दीड महिन्याच्या बाळासाठी तर नक्कीच.

झटका आला, बाळ ढिलं पडलं, श्वासाला त्रास होतोय, चेहरा सुजलाय, तीन तासांहून जास्त सलग किंचाळून रडतंय, तर काहीही शोधत बसू नका. थेट दवाखाना किंवा 108. तीव्र अ‍ॅलर्जी सहसा काही मिनिटांतच दिसते, म्हणून लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात.

चुकलेल्या डोसांसाठी यू-विन, म्हणजे लसीकरणाच्या नोंदीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था, उपयोगी आहे. लसीकरणाची नोंद मोबाइल क्रमांकावर राहते, म्हणून कार्ड हरवलं किंवा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी मागचे डोस दिसतात. अडचण येते ती नोंद भलत्याच नंबरवर झाल्यावर: जन्माच्या वेळी मामाचा, पुढे वडिलांचा, आणि एकाच बाळाच्या दोन नोंदी. पहिल्याच डोसला कोणता नंबर टाकला ते माता-बाल कार्डावर लिहून ठेवा आणि पुढे तोच सांगा. मध्ये दोन-तीन महिने गेले तरी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. राहिलेला डोस द्यायचा आणि पुढे जायचं. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत, आणि एमआर राहून गेली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते.