खड्यातून वाचलेली बातमी

"वाच," सराफकाका म्हणाले आणि माझा ऑनलाइन मागवलेला नीलम त्यांनी पेपरवर ठेवला.

वाचता आलं! खड्याच्या मधोमध 'पाणी' हा शब्द लख्ख दिसत होता.

"याला खिडकी म्हणतात. खालची बाजू उथळ कापली की प्रकाश वर परत फिरत नाही, आरपार जातो. म्हणून कडेला निळा, मध्ये फिका."

व्हिडिओत हाच खडा चिमट्यात सारखा गरगरत होता. नुसता लखलखाट. समोरून स्थिर असा एक सेकंदही नाही. वीसदा तरी पाहिला असेल मी तो, पण हे लक्षातच आलं नाही. प्रमाणपत्र खरं आहे म्हणे. फक्त कट कसा, हे त्यात नाही.

मग काकांनी तो दाराशी नेला. निळाशार! आत पिवळ्या बल्बखाली आणला, तर कडा शाईसारख्या काळपट.

"पुढच्या वेळी दोन्ही उजेडांतले व्हिडिओ मागव. आणि खडा बाजूनेही बघ. काहींचं पोट सुटलेलं असतं, पैसे कॅरटवर, म्हणजे वजनावर मोजतात ना!"

परत पाठवायला दोन दिवस उरलेत. आई म्हणते, "राहू दे की, शनीला कुठे खिडकी दिसणारे?"

काय करू?