डोक्याला शांतता, पायांना काम

मंगळवार, रात्री उशिरा

आज नाचाच्या क्लासमध्ये नवीन स्टेप होती. दोन पावलं उजवीकडे, टाळी, मग डावीकडून गिरकी. उजवीकडच्या गिरकीचं मला काही वाटत नाही, पण डावीकडे वळायचं म्हटलं की वजन टाचेवर जातं, पाऊल जमिनीला चिकटतं आणि तोवर बाकीचे पुढच्या ओळीवर पोचलेले असतात. वजन चवड्यावर आणून मान आधी वळवली, तेव्हा कुठे शरीर मागोमाग आलं.

त्या सगळ्या वेळात ऑफिस एकदाही आठवलं नाही. ट्रेडमिलवर असं कधी होत नाही. तिथे पाय आपले आपण चालतात आणि रिकामं डोकं सकाळचा वाद पुन्हा उकरून काढतं. नाचताना मात्र पुढचं पाऊल लक्षात ठेवा, ताल पकडा, शेजारणीच्या पायावर पाय पडू देऊ नका! काळजी करणार कधी? व्यायामाने शरीरात तयार होणाऱ्या, बरं वाटायला लावणाऱ्या एन्डॉर्फिन या रसायनाचं नाव घेतलं की सगळं कळलं असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर नाचाने मन हलकं होण्याचं निम्मं श्रेय या गुंतून जाण्याला आहे.

मेंदूचा विषय निघाला की २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास हमखास सांगितला जातो. पंचाहत्तरी गाठलेले ४६९ जण त्यात होते. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणं यांच्या जोडीला, शारीरिक हालचालींपैकी फक्त नाचाचा संबंध डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) कमी धोक्याशी दिसला. आता, ज्यांची बुद्धी शाबूत होती तेच नाचत राहिले, असंही असू शकतं ना? म्हणून जर्मनीतला २०१७चा प्रयोग मला जास्त पटतो. त्यात ज्येष्ठांच्या एका गटाला दीड वर्ष सतत नवनवीन नाच शिकवले, दुसऱ्याकडून सायकलिंगसारखे ठरावीक व्यायाम करून घेतले. स्मरणशक्तीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दोन्ही गटांत वाढला, पण तोल सुधारला तो नाचणाऱ्यांचाच. गट लहान होते, तरीही. आणि तोलाचं महत्त्व वय वाढेल तसं कळतं. म्हातारपणी एक पडणं किती महागात जातं ते सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. मी हल्ली मोजे उभ्याने, भिंतीला हात न लावता घालते. पूर्वी पलंगावर बसावं लागायचं.

दम किती लागायला हवा, याचं माप सोपं आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम जोराचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सुचवते. आमची इन्स्ट्रक्टर ध्रुवपद आलं की ‘गा आता!’ म्हणून ओरडते आणि दुसऱ्याच शब्दाला सगळ्यांचा आवाज फाटतो. तेवढ्याने तिचं समाधान होतं.

‘किती किलो उतरलं?’ हा प्रश्न मात्र डोक्यात जातो. खाणं तेच ठेवून नुसत्या नाचावर वजनाचा काटा फारसा हलत नाही, आणि काट्याकडे बघत बसलं की चांगलं चाललेलं सोडून द्यावंसं वाटतं. जिन्यावर दम कमी लागतो, झोप गाढ लागते, हे मोजायला वजनकाटा कशाला?

गुडघे जरा कुरकुरतायत. उड्यांच्या जागी नुसती पावलं टाकली तरी चालतं असं इन्स्ट्रक्टर सांगते, पण संगीत चढलं की कोण ऐकतंय! बूट बदलायला झालेत बहुतेक, तळ अगदीच गुळगुळीत झालाय. गुरुवारी अख्खं गाणं सलग करायचंय म्हणे, आणि तेही आरशाकडे पाठ करून. पुढच्या रांगेतल्या बाईचे पाय बघून निभावणारे आम्ही सगळे आत्तापासूनच धास्तावलोय.