शेवटच्या इंचाने घात केला: 58 इंची रिकर्व्ह परत

मागच्या नोंदीतल्या फोटोंवर सगळे भाळला होतात ते 58 इंची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, परत जातंय. कोकोबोलो लाकडाचा रायझर (मधला मुठीचा भाग), लिम्ब्जच्या (वरखालच्या वाकणाऱ्या पात्यांच्या) पाठीवर सापाचं कातडं, टोकांना हरणाच्या शिंगाच्या टिप्स. इतकं देखणं धनुष्य मी हातात धरलं नव्हतं. ट्रायलची मुदत संपायच्या आत बनवणाऱ्याला कळवून टाकलं.

अडलं ते शेवटच्या इंचाला. धनुष्यावर ओढीचं वजन 50 पौंड लिहिलंय, म्हणजे नेहमीप्रमाणे दोरी 28 इंच ओढल्यावरचं. माझा ड्रॉ (मी दोरी ओढतो ते अंतर) 29. काट्यावर इंचाइंचाने ओढून पाहिलं: 26 ते 27 अडीच पौंड वाढले, 27 ते 28 तीन, आणि 28 ते 29 जवळजवळ पाच! हा स्टॅक, म्हणजे शेवटी एकदम चढणारी ओढ, नेमका अँकरला (हात टेकवायच्या जागी) पोचताना लागतो, त्यामुळे हनुवटीजवळ हात स्थिर होतच नाही. बोटांवरचा टॅब बदलला, दोरीवर बोटांचा हुक खोल घेतला, ब्रेस हाइट (मूठ ते दोरी अंतर) वरखाली केली. फरक शून्य, आणि पडणार तरी कसा? आखूड धनुष्य लांब ओढलं की दोरी आणि लिम्बचं टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जातो आणि तरफेचा फायदा संपतो. नॉकपाशी, म्हणजे बाण दोरीत बसतो तिथे, दोरीचा कोन अरुंद होतो, बोटं चिमटतात आणि रिलीज फाटतो. ही भूमिती आहे, ट्यूनिंगने ती हलत नाही.

दुसरं दुखणं आवाजाचं. लिम्बवरच्या दोरीच्या खाचेत वेल्क्रोची मऊ पट्टी लावली, दोरीला लोकरीचे गोंडे बांधले, पीळ वाढवत ब्रेस हाइट सव्वाआठ इंचांपर्यंत नेली. थपकन वाजणं निम्म्यावर आलं, मनगटातला झटका मात्र तसाच. माझा संशय त्या शिंगाच्या टिप्सवर आणि कातड्यावरच्या जाड फिनिशवर आहे. लिम्बचं टोक सगळ्यात वेगाने धावतं. तिथे चढवलेलं वजन बाणाच्या वाटची ऊर्जा खातं आणि बाण सुटल्यावर ती हाताला परत करतं.

क्लबातल्या मित्राचं 62 इंची रिकर्व्ह शेजारी ठेवून मारलं. लिम्ब्जवर काळी फायबरग्लास, सजावट काही नाही, ओढीचं वजन तेवढंच. 500 ग्रेन वजनाच्या बाणाला क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) देखण्याने सेकंदाला 176 फूट दिले, साध्याने 184. पण मला आनंद झाला तो आकड्याचा नाही. 20 यार्डांवर 184 चा बाण 176 च्या फार तर सेकंदाच्या दीड शतांशाने आधी पोचतो. आवाज सेकंदाला साधारण 1,100 फूट जातो, म्हणजे बाण निम्म्या वाटेवर येण्याच्या कितीतरी आधी हरणाने तो ऐकलेला असतो आणि बाण पोचेपर्यंत ते अंग खाली टाकू शकतं. साधं धनुष्य सुटतं तेव्हा फक्त एक हलका घुमारा येतो. शिकारीसाठी मला ती शांतता हवी, आठ फूट नकोत.

मग देखणेपण सोडायचं का? अजिबात नाही! रायझर जड लाकडाचा असला तर हात उलट स्थिर राहतो. कोकोबोलो म्हणजे आपल्या शिसवाचाच भाऊबंद, घट्ट आणि वजनदार. मुठीतलं हे सौंदर्य वेगातून काही कापून घेत नाही. ग्लासखालचा पातळ व्हिनियरही फारसं काही मागत नाही. चमकदार फिनिश मात्र नकोच, झाडावर बसल्यावर उन्हात लकाकतं. सॅटिनच. आणि एक राग आहे तो सांगतोच: बनवणारे रायझरचे वीस फोटो टाकतात, पण 30 इंचांपर्यंतचा ड्रॉ-फोर्स कर्व्ह (किती इंचांना किती पौंड, याचा आलेख) मागितला की गप्प. कर्व्ह मिळाल्याशिवाय यापुढे मी आगाऊ रक्कम देणार नाही.

ठरवलं होतं की त्याच माणसाकडून 62 इंची वन-पीस करून घ्यायचं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, तीन तुकड्यांचं टेकडाउन का नको? रायझर हवा तितका देखणा, लिम्ब्ज काळ्या ग्लासच्या, आत बांबूचा कोअर, टिप्स बारीक. पुढे खांदा कुरकुरला तर 45 पौंडांच्या लिम्ब्ज बसवता येतील, रायझर तोच. बोल्टचं वजन मुठीजवळच राहतं, तेही चालेल.

अडचण वेळेची. मिशिगनमध्ये आर्चरी सीझन 1 ऑक्टोबरला उघडतो आणि नवं धनुष्य तोवर येणार नाही. मित्र त्याचं जुनं बेअर सुपर कोडियाक द्यायला तयार आहे. 60 इंची, माझ्या 29 ला पुरेसं मऊ. दोरी डेक्रॉनचीच लावणार. त्या काळच्या टिप्सवर फास्ट फ्लाइट (कमी ताणणारी वेगवान दोरी) चढवायची माझी तयारी नाही, थोडा वेग गेला तरी चालेल. ही धनुष्यं बनवणाऱ्या बेअर कंपनीचा संस्थापक फ्रेड बेअर 1923 मध्ये डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात कामाला आला होता आणि मीही इथे मोटारींच्याच नोकरीसाठी आलो, त्यामुळे ते हातात घेताना जरा जास्तच आनंद होणार आहे. बिनपिसांचा बाण (बेअर शाफ्ट) काल संध्याकाळी 15 यार्डांवर पिसांच्या बाणांशेजारीच रुतला, म्हणजे स्पाइन (बाणाचा ताठरपणा) जुळलाय.

बोकोटे की शेडुआ, यात मन अडकलंय. ज्यांच्याकडे या लाकडांचा टेकडाउन रायझर आहे त्यांनी त्याचं नुसतं वजन सांगा, लिम्ब्ज काढून.