स्टोनहेंज: आधी कागदावर, मग माळावर

इंग्लंडमधल्या माळावर हजारो वर्षांपासून उभं असलेलं प्रचंड दगडांचं वर्तुळ म्हणजे स्टोनहेंज. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने त्याचं जलरंगात केलेलं चित्र, 'स्टोनहेंज', लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. जलरंग उजेडाने विटतात, म्हणून अशी चित्रं कायम भिंतीवर नसतात. मी आधी वेळ ठरवून गेलो. चित्र जेमतेम साठ सेंटिमीटर रुंद. त्यातही मोठा भाग आभाळाने व्यापलेला: काळंनिळं, घुसळलेलं, त्यातून उतरणारं दुहेरी इंद्रधनुष्य.

या धनुष्याचा अर्थ अनेक जण चित्रकाराच्या दुःखात शोधतात. १८२८ मध्ये बायको मारिया गेली, १८३२ मध्ये जिवलग मित्र जॉन फिशर, आणि चित्र १८३५ चं. म्हणून मग दुःखानंतरची आशा वगैरे. मला हे फारच सोपं वाटतं. दगडांचं रेखाटन त्याने जागेवर केलं होतं, १५ जुलै १८२० ला. म्हणजे दगड चव्वेचाळिसाव्या वर्षी पाहिलेले आणि हे आभाळ पंधरा वर्षांनी त्यांच्यावर चढवलेलं.

मी खिळलो तो डाव्या कोपऱ्यातल्या सशापाशी. वेगळ्या कागदावर रंगवून, कापून चिकटवलाय! नंतरच सुचला असावा. हजारो वर्षं ठाण मांडून बसलेल्या दगडांना पाठ दाखवून पळणारा एवढासा जीव. धनुष्यापेक्षा चित्राची किल्ली मला तिथे दिसते.

दुसऱ्या दिवशी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून रेल्वेने सॉल्झबरी, दीडेक तास, पुढे स्टोनहेंजपर्यंत बस. वारा असा की टोपी हातातच धरावी लागली. आभाळ मात्र कॉन्स्टेबलने वाढवून रंगवलेलं नाही, याची खात्री पटली.

१८३६ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात चित्र लावताना त्याने सोबत मजकूर दिला होता: उजाड, अफाट माळावरचं हे गूढ स्मारक, गतकाळातल्या घटनांशी जितकं असंबद्ध तितकंच आजच्या उपयोगांशीही. माळावर उभं राहून हे पटणं कठीण. ए३०३ या हमरस्त्यावरचे ट्रक हाकेच्या अंतरावरून जातात. शिवाय १७९७ मध्ये दोन उभे दगड आणि त्यांवरची आडवी शिळा, असं आख्खं त्रिकूट कोसळलं होतं; कॉन्स्टेबल आला तेव्हा ते जमिनीवरच होतं. १९५८ मध्ये क्रेनने पुन्हा उभारलं. कललेला सर्वांत उंच दगड १९०१ मध्येच सरळ केला होता. त्यामुळे चित्रातलं स्टोनहेंज आजच्यापेक्षा जास्त पडकं आहे, आणि त्यात चित्रकाराची अतिशयोक्ती नाही. आजचं नीटनेटकं स्टोनहेंजच विसाव्या शतकाचं काम आहे.